तिकीटबारी ते नामांकन : ऑस्कर अकादमीची वाटचाल

अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात पहिले पुरस्कार दिले, तेव्हा चित्रपटासाठी सर्वोच्च मानाचे पुरस्कार दोन होते. एक उत्कृष्ट चित्रपटाचा. तो गेला पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या ‘विंग्ज’ला, म्हणजे खर्चिक, थरारक आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमाला. दुसरा आगळ्या आणि कलात्मक निर्मितीचा. तो मिळाला एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘सनराइज’ला. पुढच्याच वर्षी हा दुसरा पुरस्कार बंद झाला. लोकप्रियता आणि कला या दोन्ही कसोट्या एकाच पुरस्कारात बसवायचं ठरलं, आणि तेव्हा सुरू झालेली ओढाताण अजून संपलेली नाही. दरवर्षी जानेवारीत नामांकनं जाहीर व्हायच्या आधी ‘यंदा कोणता ब्लॉकबस्टर आत शिरणार’ याचे अंदाज रंगतात, त्यांचं मूळ या जुन्या तडजोडीत आहे. माझं मत असं की हा अंदाज बांधताना सिनेमाचा गल्ला थोडा बाजूला ठेवावा आणि या संस्थेचे नियम वाचावेत. जागा किती ठेवायच्या, मतं कशी मोजायची आणि मत कोणी द्यायचं हे अकादमी ठरवते, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक कलम तिने कधी ना कधी बदललेलं आहे.

संस्था जन्माला आली ती पुरस्कार देण्यासाठी नाहीच. जानेवारी १९२७ मध्ये एमजीएमचे प्रमुख लुई बी. मेयर यांनी चित्रपटसृष्टीतल्या बड्या मंडळींना जेवायला बोलावलं, त्यातून ३६ संस्थापकांची ही अकादमी उभी राहिली. डग्लस फेअरबँक्स पहिले अध्यक्ष झाले. कामगारांच्या संघटना बळावण्याआधी मालक आणि कलावंत यांच्यातले तंटे घरातल्या घरात मिटावेत, हा मेयर यांचा मुख्य हेतू होता. पुरस्कार ही त्याला जोडून आलेली गोष्ट. पहिल्या सोहळ्याचं तिकीट पाच डॉलर होतं, हजर माणसं सुमारे २७०, आणि पुरस्कारवाटप पंधरा मिनिटांत आटोपलं. तंटे मिटवण्याचं काम तिशीच्या दशकातच अकादमीच्या हातून गेलं. पुरस्कार राहिले.

सर्वोत्तम चित्रपटासाठी किती नामांकनं असावीत, हा प्रश्न तेव्हापासूनच डळमळता. पाच झाली, आठ झाली, १९३४ आणि १९३५ च्या चित्रपटांसाठी तर बारा. मग १९३६ ते १९४३ दरवर्षी दहा. ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘कॅसाब्लांका’ दहाच्या यादीतून जिंकले. १९४४ च्या चित्रपटांपासून संख्या पाचवर आली आणि पुढे साठाहून अधिक वर्षं तिथेच थांबली.

त्या वेळी या पाचांनी कुणाचं फारसं अडलं नाही. वर्षातला सगळ्यात मोठा सिनेमा आणि अकादमीला आवडणारा सिनेमा यांच्यात पन्नाशीच्या दशकात अंतर थोडं होतं. १९ मार्च १९५३ ला सोहळा पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसला. स्टुडिओंनी खर्चातून अंग काढून घेतल्यावर एनबीसीने प्रक्षेपणहक्कांचे एक लाख डॉलर मोजले होते. त्याच रात्री सेसिल बी. डमिल यांचा सर्कसवरचा ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ सर्वोत्तम ठरला. ‘हाय नून’ बाजूला पडला. घरोघरचे प्रेक्षक पहिल्यांदा बघत असताना अकादमीने गर्दीच्या सिनेमाला कौल द्यावा, हा योगायोगच. पण त्या रात्रीपासून पुरस्कारांचं पोट टीव्हीच्या पैशावर अवलंबून राहिलं, आणि टीव्हीला लोकांनी पाहिलेले सिनेमे यादीत हवे असतात. १९५९ च्या ‘बेन-हर’ने बारा नामांकनांतून अकरा पुरस्कार नेले, १९६५ चा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ही जिंकला. उलट बाजू १९६७ मध्ये दिसली. ‘डॉक्टर डूलिटल’ पडला होता, समीक्षकांनीही झोडपला होता. तरी स्टुडिओने मतदारांसाठी खेळ लावले, जेवणावळी घातल्या आणि नऊ नामांकनं पदरात पाडली. त्या काळी भव्यता एवढंच भांडवल पुरत असे.

फाटाफूट झाली ती ‘जॉज’पासून. जून १९७५ मध्ये हा सिनेमा चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी लागला, टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला, आणि उन्हाळी ब्लॉकबस्टरचा धंदा ठरून गेला. अकादमीने त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन दिलं, संकलन, संगीत आणि ध्वनी हे तीन पुरस्कारही दिले. दिग्दर्शनाच्या यादीत मात्र स्टीव्हन स्पीलबर्ग नव्हते. फेडेरिको फेलिनी होते. दोन वर्षांनी ‘स्टार वॉर्स’ला दहा नामांकनं मिळाली, पुरस्कारही भरपूर मिळाले, पण सर्वोत्तम चित्रपट ठरला ‘अ‍ॅनी हॉल’. हा साचा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तंत्राच्या शाखा ब्लॉकबस्टरला मोकळ्या हाताने देतात, वरच्या पायऱ्यांवर हात आखडतो.

पुढची मोठी लढत मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची. १९८२ साली ‘ई.टी.’ने तिकीटबारीचे विक्रम मोडले आणि नऊ नामांकनं मिळवली. समोर रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ होता, अकरा नामांकनांचा. एप्रिल १९८३ मधल्या सोहळ्यात ‘ई.टी.’ला चार पुरस्कार मिळाले, तेही ध्वनी, ध्वनिपरिणाम, दृश्यपरिणाम आणि संगीत यांचे. ‘गांधी’ने आठ नेले. त्यातला वेशभूषेचा पुरस्कार जॉन मोलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाला आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. आपल्यामागे नीट जपला जावा म्हणून २०१२ मध्ये त्यांनी तो पुतळा अकादमीच्याच स्वाधीन केला. ‘गांधी’च्या विजयाचा मला अभिमान आहे. पण एका मुलाच्या एकटेपणावरचा ‘ई.टी.’ हा तितकाच गंभीर सिनेमा होता, आणि लोकांनी तो वारंवार पाहिला हे त्याच्या विरुद्ध गेलं, असंच मला वाटत आलं आहे.

१९९७ च्या ‘टायटॅनिक’ने काही काळ सगळे हिशेब जुळवून दिले. चौदा नामांकनं, अकरा पुरस्कार, जगभरात एक अब्ज डॉलरांपुढे जाणारा पहिला सिनेमा, आणि अमेरिकेत सोहळा पाहणारे साडेपाच कोटींवर लोक. २००३ च्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ने तर अकराच्या अकरा नामांकनं जिंकली. काल्पनिक दुनियेतला सिनेमा अकादमीला चालतो, असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं.

आणि मग २२ जानेवारी २००९ ची सकाळ उजाडली. ‘द डार्क नाइट’ या मुखवटाधारी सुपरहिरोच्या सिनेमाने जगभरात एक अब्ज डॉलरांवर कमाई केली होती. निर्मात्यांच्या, दिग्दर्शकांच्या आणि लेखकांच्या अशा तिन्ही संघटनांनी त्याला नामांकन दिलं होतं. या तीन संघटनांचा कौल एकत्र आला की अकादमीचं नामांकन पक्कं, असं अंदाज बांधणारे समजत. यादीत नाव आलं ‘द रीडर’चं. ‘डार्क नाइट’ला आठ नामांकनं होती, त्यात दिवंगत हीथ लेजर यांचं सहायक अभिनेत्याचं होतं आणि ते पुढे जिंकलंही. पण सर्वोत्तम चित्रपट नाही, दिग्दर्शन नाही. ‘वॉल-ई’चंही तेच झालं. सहा नामांकनं आणि मोठ्या यादीत जागा नाही. हा अन्याय होता असं मी आजही म्हणेन. गुन्हेगारी, भीती आणि कायद्याची मर्यादा यांवर त्या वर्षी इतक्या ताकदीने बोलणारा दुसरा अमेरिकी सिनेमा नव्हता, आणि मुखवट्यामुळे तो मागे राहिला.

अकादमीने हा धक्का मनावर घेतला. जून २००९ मध्ये अध्यक्ष सिड गॅनिस यांनी नामांकनं पुन्हा दहा केल्याचं जाहीर केलं, आणि चर्चेत ‘डार्क नाइट’चं नाव निघालं होतं हे त्यांनी पत्रकारांपाशी मान्य केलं. पुढच्या यादीत ‘अवतार’, ‘अप’ आणि ‘डिस्ट्रिक्ट ९’ आले. जिंकला मात्र अमेरिकेत जेमतेम पावणेदोन कोटी डॉलरांच्या आसपास कमावलेला ‘द हर्ट लॉकर’. जागा वाढल्या म्हणून नामांकन मिळतं, विजय मिळतोच असं नाही. पुढे २०११ च्या चित्रपटांपासून संख्या पाच ते दहा अशी सैल ठेवली गेली आणि २०२१ च्या चित्रपटांपासून पुन्हा पक्की दहा झाली.

मतमोजणी इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण अंदाज चुकतात ते बहुधा इथेच. सर्वोत्तम चित्रपटाच्या नामांकनासाठी सगळ्या शाखांचे सभासद मत देतात आणि प्रत्येक जण आपल्या पसंतीचे दहापर्यंत सिनेमे क्रमाने लिहितो. समजा ११०० मतपत्रिका आल्या. दहा जागांसाठी त्यांना अकराने भागायचं आणि एक मिळवायचं, म्हणजे १०१. एवढी पहिल्या पसंतीची मतं मिळाली की सिनेमा आत. सगळ्यात कमी पहिली पसंती मिळालेले सिनेमे बाद होत जातात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. त्यामुळे हजार लोकांच्या यादीत सातव्या-आठव्या क्रमांकावर असलेला सिनेमा मोजणी तिथवर पोहोचायच्या आधीच गळू शकतो, आणि शंभरेक जणांनी जिवापाड पहिला लिहिलेला सिनेमा आत जातो. ‘बरा होता, मजा आली’ हे मत इथे निरुपयोगी. ब्लॉकबस्टरबद्दल विचारायचा प्रश्न एकच. हा सिनेमा पहिल्या क्रमांकावर लिहिणारे सभासद आहेत का, आणि ते कोणत्या शाखेत आहेत?

इतर बहुतेक विभागांत नामांकन ज्या त्या शाखेचे लोक देतात. संकलक संकलनाला, वेशभूषाकार वेशभूषेला. अकादमीत आज दहा हजारांहून अधिक सभासद आहेत. ध्वनी, दृश्यपरिणाम, कलादिग्दर्शन या शाखांतल्या लोकांची पोटापाण्याची कामं मोठ्या सिनेमांवरच चालतात, त्यामुळे ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ किंवा ‘ड्यून’सारखा सिनेमा त्यांच्या पहिल्या पसंतीला असणं साहजिक आहे. या दोघांनाही दहा-दहा नामांकनं मिळाली ती या बळावर. जाता जाता एक नोंद. २०२० च्या चित्रपटांपासून ध्वनीचे दोन पुरस्कार मिळून एक झाला, म्हणून नामांकनांची संख्या जुन्या ब्लॉकबस्टरांशी ताडताना एक वजा धरावा लागतो.

दिग्दर्शकांच्या शाखेची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती सगळ्यात उद्बोधक वाटते. अमेरिकी दिग्दर्शकांच्या संघटनेत हजारो सभासद, त्यांत टीव्हीचे दिग्दर्शक आणि सहायकही. अकादमीची शाखा काही शेकड्यांची, आणि तिच्यात परदेशी दिग्दर्शकांचं वजन मोठं. संघटनेने ‘डार्क नाइट’ आणि ‘इन्सेप्शन’साठी क्रिस्टोफर नोलन यांना, ‘ड्यून’साठी डेनी व्हिलनव्ह यांना, ‘टॉप गन : मॅव्हरिक’साठी जोसेफ कोसिन्स्की यांना आणि ‘बार्बी’साठी ग्रेटा गरविग यांना नामांकन दिलं. अकादमीच्या यादीत यांपैकी एकही नाव आलं नाही. व्हिलनव्ह नसलेल्या यादीत र्‍युसुके हामागुची होते, कोसिन्स्की नसलेल्या यादीत रुबेन ओस्टलुंड, गरविग नसलेल्या यादीत जुस्तिन त्रिए. फेलिनी आणि स्पीलबर्ग यांचा तोच साचा, जवळपास पन्नास वर्षांनी. गरविग वगळल्या गेल्यावर केवढा गदारोळ झाला! पण या शाखेची सवय ठाऊक असणाऱ्याला त्यात नवल वाटलं नसेल. ब्लॉकबस्टरसाठी ‘चित्रपट आत, दिग्दर्शक बाहेर’ असा अंदाज बांधला की तो बहुधा खरा ठरतो.

निर्मात्यांच्या संघटनेचा कौल सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीशी सगळ्यात जवळ जातो, कारण तिनेही २००९ पासून दहा जागा आणि पसंतीक्रमाची पद्धत घेतली. तरी फरक आहेच. या संघटनेने २०१६ चा ‘डेडपूल’, २०१७ चा ‘वंडर वुमन’, २०१८ चे ‘अ क्वाएट प्लेस’ आणि ‘क्रेझी रिच एशियन्स’, २०२२ चा ‘ब्लॅक पँथर : वाकांडा फॉरएव्हर’ यांना नामांकन दिलं, आणि अकादमीच्या मोठ्या यादीत हे सगळे गळाले. निर्मात्याला धंद्याचं यश स्वतःच्या कामाचं यश वाटतं. छायालेखकाला किंवा लेखकाला तसं वाटेलच असं नाही.

२०१८ साली अकादमीने आपल्या इतिहासातली एक गंभीर चूक जवळजवळ केली. सोहळ्याचे प्रेक्षक पावणेतीन कोटींच्याही खाली घसरले होते. ऑगस्टमध्ये लोकप्रिय चित्रपटासाठी स्वतंत्र पुरस्कार काढण्याची घोषणा झाली. त्या वर्षी ‘ब्लॅक पँथर’ने अमेरिकाभर वातावरण तापवलं होतं, आणि ज्या सिनेमाला मुख्य यादीत जागा मिळायला हवी त्याला शेजारच्या खोलीत बसवण्याचा हा घाट आहे, असा संताप उसळला. महिनाभरात बेत पुढे ढकलला गेला आणि तो परत आला नाही. फार बरं झालं. जानेवारी २०१९ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ मुख्य यादीत आला. सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरोपट. सात नामांकनं आणि वेशभूषा, कलादिग्दर्शन, संगीत असे तीन पुरस्कार. पुढच्याच वर्षी ‘जोकर’ला अकरा नामांकनं मिळाली. त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ला मात्र फक्त दृश्यपरिणामांचं एक. गोल्डन ग्लोबने नंतर तिकीटबारीवरच्या यशासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि तो आधी ‘बार्बी’ला, मग ‘विकेड’ला दिला. अकादमीने ती वाट घेतली नाही याचं मला मनापासून समाधान आहे.

मतदारही बदलले. २०१५ आणि २०१६ मध्ये अभिनयाच्या वीसही नामांकनांत सगळे गोरे होते, त्यावरून टीकेचं मोहोळ उठलं. अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य सभासदांची संख्या दुप्पट करण्याचा शब्द दिला. एकट्या २०१८ मध्ये ९२८ जणांना निमंत्रण गेलं, त्यांत अमेरिकेबाहेरचे पुष्कळ. त्याचा परिणाम दुहेरी झाला. ‘पॅरासाइट’सारख्या कोरियन सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि परभाषिक सिनेमे दहांत नियमित दिसू लागले. साहजिकच अमेरिकी ब्लॉकबस्टरसाठी उरलेल्या जागा दोन-तीनच्या पुढे क्वचित जातात. २०२२ च्या यादीत ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आणि ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’. २०२३ मध्ये ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’. २०२४ मध्ये ‘विकेड’ आणि ‘ड्यून’चा दुसरा भाग.

बाहेर राहिलेल्यांची नावंही तितकीच बोलकी आहेत. २०२३ मध्ये कमाईत ‘बार्बी’च्या खालोखाल असलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला एकही नामांकन नाही. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’लाही नाही. त्या वर्षी जगात सर्वाधिक कमावणारा ‘इनसाइड आउट २’ अ‍ॅनिमेशनच्या विभागापुरता राहिला. २०२१ च्या ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ला तब्बल १.९ अब्ज डॉलर कमावूनही फक्त दृश्यपरिणामांचं नामांकन. आत गेलेल्यांशी यांची तुलना केली तर फरक दिसतो. ‘ओपनहायमर’, ‘बार्बी’, ‘ड्यून’, ‘ब्लॅक पँथर’ यांच्यामागे ठसठशीत दिग्दर्शक आहेत आणि निदान चार-पाच शाखांना अभिमान वाटावा असं काम आहे. डिसेंबरमध्ये दृश्यपरिणाम, ध्वनी, रंगभूषा, संगीत यांच्या पूर्वयाद्या जाहीर होतात. एखाद्या ब्लॉकबस्टरचं नाव त्यांत एकाच ठिकाणी असेल तर मोठ्या यादीची आशा धरू नये. तीन-चार ठिकाणी असेल तर निर्मात्यांच्या संघटनेकडे लक्ष ठेवावं, आणि संकलकांचा कौलही बघावा.

प्रचाराचा खर्च हाही या खेळाचा भाग आहे आणि तिथे स्टुडिओचा ब्लॉकबस्टर आधीच पुढे असतो. त्याची झळ मराठी सिनेमाला ठाऊक आहे. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ परभाषा विभागासाठी भारतातर्फे निवडला गेला, तेव्हा अमेरिकेत खेळ लावायला, मतदारांपर्यंत पोहोचायला लोकांकडून निधी गोळा करावा लागला. त्याआधी आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ने त्या विभागाच्या अंतिम पाचांत जागा मिळवली होती, आणि तो तर घरच्या तिकीटबारीवर गाजलेला सिनेमा होता. मतदाराने सिनेमा पाहिलाच नाही तर गुणवत्ता कुणाला कळणार? एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने नियम केला की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित सिनेमे सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम इतका उशिरा यावा याचं आश्चर्य वाटतं. आणि तो अंतिम फेरीपुरता आहे, नामांकनाच्या फेरीला लागू नाही.

त्याच महिन्यात आणखी एक निर्णय झाला. साहसदृश्यांच्या रचनेला, म्हणजे स्टंटच्या कामाला, अकादमी पहिल्यांदा स्वतंत्र पुरस्कार देणार आहे. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी, २०२८ मधल्या शंभराव्या सोहळ्यात. उंचावरून उड्या घेणारे, गाड्या उलटवणारे, नटाच्या जागी जळणारे कलावंत ‘विंग्ज’च्याही आधीपासून या धंद्यात आहेत, आणि स्वतः स्टंटमन राहिलेले दिग्दर्शक डेव्हिड लीच यांच्यासारख्यांनी या मागणीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नामांकनाचे अंदाज बांधणाऱ्यांना त्या वर्षी नवा स्तंभ आखावा लागेल. आजवर दृश्यपरिणामांच्या एका नामांकनावर परत फिरणाऱ्या मारधाडीच्या सिनेमांना त्यात पहिल्यांदा स्वतःच्या बळावर नाव मिळवता येईल. पुढे त्यांतला एखादा सर्वोत्तम चित्रपटाच्या दहांत शिरतो का, हे मात्र साहसदृश्यं जिवापाड आवडणारे किती सभासद तो सिनेमा आपल्या मतपत्रिकेवर पहिला लिहितात, यावर ठरेल.